जुना संगणक, नवा मालक आणि परवलीचा शब्द

कंपन्या आणि कचेऱ्या आपले संगणक काही वर्षे वापरतात आणि मग काढून टाकतात. ही यंत्रे मोडलेली असतात असे नव्हे. व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत ती घरांत, शिकवणीवर्गांत आणि शाळांच्या प्रयोगशाळांत येऊन पोहोचतात. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबवली. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही, असे अनेक धडधाकट संगणक त्यामुळे मालक बदलण्याच्या वाटेवर आहेत.

समजा, असा एक संगणक तुमच्या शाळेने विकत घेतला. बटण दाबताच पडद्यावर दोन खाती दिसतात. एकाला परवलीचा शब्द नाही, ते उघडते. त्यात लिहिता येते, चित्रे पाहता येतात, गणिते करता येतात. पण नवा प्रोग्राम बसवायला गेलात, किंवा नुसता छापयंत्राचा जोड द्यायला गेलात, की संगणक अडवतो आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा परवलीचा शब्द मागतो. तो शब्द जुन्या मालकाला ठाऊक होता. व्यापारी खांदे उडवतो. यंत्र तुमचे, पावती तुमच्या नावाची, आणि हुकूम मात्र चालतो न दिसणाऱ्या कोणा तिसऱ्याचा!

हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण? तो एवढा हटवादी का? आणि रास्त मालकाने आपला हक्क कसा मिळवावा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोहोंत दडलेले आहे, म्हणून क्रमानेच जाऊ.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हा माणूस नाही. तो एक क्रमांक आहे. युनिक्स आणि तिच्या घराण्यातील लिनक्स या कार्यप्रणालींत प्रत्येक वापरकर्त्याला क्रमांक असतो आणि ० हा क्रमांक सर्वाधिकाऱ्याचा. त्याला ‘रूट’ म्हणतात. विंडोजमध्ये क्रमांक लांबलचक असतात, पण मूळच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा क्रमांक नेहमी ५०० या आकड्यांनी संपतो. तुम्ही एखादी फाईल उघडू पाहता तेव्हा कार्यप्रणाली ‘हे कोण सांगते आहे?’ असे विचारते, तुमचा क्रमांक पाहते, फाईलशी जोडलेली यादी पाहते आणि मग हो किंवा नाही म्हणते. तुमचे नाव, वय, तुमच्या हातातली पावती यांपैकी काहीही तिला दिसत नाही.

ही व्यवस्था सुरुवातीपासून नव्हती. १९८१ साली आयबीएमने काढलेल्या वैयक्तिक संगणकात ८०८८ हा प्रक्रियक होता आणि त्याला मालक, पाहुणा असा भेदच कळत नसे. जो प्रोग्राम चालू आहे तो राजा! तो स्मृतीत कोठेही लिहू शके, चकती पुसू शके. १९८६ साली लाहोरहून निघालेला ‘ब्रेन’ हा विषाणू लवचीक चकत्यांवरून देशोदेशी पसरला, त्याचे कारण हेच. पुढे विंडोज ९५ मध्ये सुरुवातीला परवलीचा शब्द विचारणारी चौकट आली खरी, पण ‘एस्केप’ची कळ दाबली की ती निमूटपणे बाजूला होई. ती चौकट म्हणजे दाराला लावलेला पडदा होता, दार नव्हे.

खरे दार त्याआधी कितीतरी वर्षे मोठ्या संगणकांवर बसले होते. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत चालवून दाखवली. एका यंत्रावर अनेकांच्या फाईली आल्या म्हणजे ‘ही कोणाची?’ हा प्रश्न आलाच. तेव्हा प्रत्येकाला एक परवलीचा शब्द देण्यात आला आणि सर्वांचे शब्द एका फाईलमध्ये लिहून ठेवण्यात आले. येथेच घोटाळा झाला. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा मिळणारा वेळ अपुरा पडत होता. त्याने ती फाईलच छापून मागवली आणि यंत्राने ती आज्ञाधारकपणे छापून दिली! १९६६ च्या सुमारास तर आणखी गंमत झाली. दोन जण एकाच वेळी दोन फाईली दुरुस्त करत असताना त्यांची अदलाबदल झाली आणि ‘आजची सूचना’ म्हणून प्रत्येकाच्या पुढे सर्वांचे परवलीचे शब्द उमटू लागले.

या दोन गोष्टींतून एक शहाणपण निघाले: परवलीचा शब्द संगणकाने लिहून ठेवूच नये. मग तो ओळखायचा कसा? हे कोडे मोठे सुंदर आहे. कागद-पेन्सिल घ्या, कारण ते सोडवायला नववीचे गणित पुरते.

५ चे घात काढा आणि प्रत्येकाला २३ ने भागून बाकी लिहा. पहिला घात ५, बाकी ५. दुसरा घात २५, बाकी २. तिसरा १२५, बाकी १०. मोठ्या संख्यांचे ओझे नको असेल तर आधीच्या बाकीलाच ५ ने गुणत चला. उत्तर तेच येते. अशा रीतीने क्रमाने बाक्या येतात त्या अशा: ५, २, १०, ४, २०, ८, १७, १६, ११, ९, २२, १८, २१, १३, १९, ३, १५, ६, ७, १२, १४, १. म्हणजे १ पासून २२ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदाच आली, पण क्रम पाहा, जणू कोणी पत्ते पिसले आहेत.

आता समजा तुमची गुप्त संख्या १३ आहे. संगणक ती लिहून ठेवत नाही. तो ५ चा १३ वा घात घेतो, २३ ने भागतो आणि फक्त बाकी लिहून ठेवतो: २१. दुसऱ्या दिवशी तुम्ही येऊन १३ सांगता. तो पुन्हा तीच कृती करतो, २१ येतात, जुळतात, दार उघडते. फाईल चोरणाऱ्याच्या हाती मात्र २१ लागतात. त्यांवरून १३ काढायचे तर वरची यादी धुंडाळावी लागते. येथे यादी बावीसच संख्यांची आहे म्हणून ते सोपे वाटते. पण २३ च्या जागी शे-दोनशे अंकी मूळ संख्या घेतली, तर जातानाचा हिशेब संगणक क्षणात करतो आणि उलट येताना यादी धुंडाळायला विश्वाचे वयही पुरणार नाही. (याहून चतुर रीती गणितज्ञांनी शोधल्या आहेत, पण पुरेशा मोठ्या संख्येपुढे त्याही थकतात.) अशा फलनांना एकदिश फलने म्हणतात. दळण दळणे सोपे, पण पिठाचे पुन्हा गहू करून दाखवा! प्रत्यक्ष संगणकांत वापरली जाणारी फलने वेगळ्या बनावटीची असतात. स्वभाव मात्र हाच. शब्दापासून निघालेल्या त्या संख्येला आपण ‘ठसा’ म्हणू.

१९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समधील या पद्धतीचा अनुभव एका लेखात मांडला. तो लेख आजही वाचण्याजोगा आहे, कारण त्यात यंत्रापेक्षा माणसांविषयी जास्त आहे. लोकांनी निवडलेले ३,२८९ परवलीचे शब्द त्यांनी तपासले. त्यांपैकी १५ तर चक्क एकाच अक्षराचे निघाले. फार आखूड शब्द, नुसत्या लहान लिपीतील शब्द आणि शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे शब्द मिळून एकूण सुमारे ८६ टक्के भरले. कुलूप उत्तम असून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्याचा हा प्रकार होय.

त्यांनी सुचवलेला एक उपाय मला विशेष आवडतो. दोन माणसांनी योगायोगाने एकच शब्द निवडला, तर ठसेही सारखेच येणार आणि एक फोडला की दुसरा फुकट मिळणार. म्हणून ठसा काढण्यापूर्वी शब्दात प्रत्येकासाठी निराळी अशी एक यदृच्छ संख्या मिसळावी. या संख्येला त्यांनी ‘मीठ’ म्हटले. त्यांच्या पद्धतीत मीठ १२ बिटांचे होते, म्हणजे एकाच शब्दाचे ४,०९६ निरनिराळे ठसे होऊ शकत. भाजी तीच, पण प्रत्येक पानात मीठ निराळे! नवल म्हणजे विंडोजच्या स्थानिक खात्यांचा ठसा आजही मुळात अळणीच असतो.

आता थोडा हिशेब करू. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांतून आठ अक्षरी शब्द किती होतील? २६ चा आठवा घात, म्हणजे २,०८,८२,७०,६४,५७६. सेकंदाला हजार शब्द तपासणाऱ्या यंत्राला ही सारी यादी संपवायला साधारण साडेसहा वर्षे लागतील. पण फलन साधे असेल, तर आजची ग्राफिक्स कार्डे सेकंदाला एक हजार कोटींहून अधिक ठसे काढू शकतात. मग लागतील अवघे २१ सेकंद. त्याच शब्दाला आणखी चार अक्षरे जोडा. काम ४,५६,९७६ पट वाढते आणि २१ सेकंदांचे सुमारे ११० दिवस होतात. अवघड चिन्हे कोंबण्यापेक्षा शब्दाची लांबी वाढवणे का शहाणपणाचे, ते या गुणाकारात दिसते.

आता तुमच्या शाळेतल्या त्या संगणकाकडे परत येऊ. एक गोष्ट स्पष्ट झाली. परवलीचा शब्द त्या यंत्रात कोठेही नाही. आहे तो फक्त ठसा. म्हणून ‘जुना शब्द शोधून देतो’ असे सांगणारा माणूस एकतर अंदाज लढवणार असतो किंवा तुम्हाला फसवणार असतो. हरवलेला शब्द सापडत नसतो, तो बदलावा लागतो. आणि बदलण्याचा अधिकार कोणाला? अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला! किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप.

हे चक्र कोठे तुटते हे समजण्यासाठी पहारेकरी नेमका कोठे उभा आहे ते पाहिले पाहिजे. इंटेलने १९८२ साली ८०२८६ आणि १९८५ साली ८०३८६ हे प्रक्रियक काढले. त्यांत ०, १, २, ३ अशा चार अधिकार-पातळ्या आहेत. चालू असलेला प्रोग्राम कोणत्या पातळीवर आहे, ते प्रक्रियक दोन बिटांत लक्षात ठेवतो. कार्यप्रणालीचा गाभा ० पातळीवर चालतो, तुमचेआमचे प्रोग्राम ३ पातळीवर; मधल्या दोन पातळ्या विंडोज आणि लिनक्स वापरत नाहीत. प्रक्रियकाला थांबवणारी ‘हॉल्ट’ ही आज्ञा ३ पातळीवरील प्रोग्रामने दिली, तर प्रक्रियक ती पाळत नाही. तो गाभ्याला हाक मारतो आणि गाभा बहुधा त्या प्रोग्रामचीच उचलबांगडी करतो. येथे एक गैरसमज टाळा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे प्रोग्रामही ३ पातळीवरच चालतात. फरक एवढाच, की त्यांनी गाभ्याकडे विनंती केली असता गाभा ती मान्य करतो.

म्हणजे पहारेकरी कोण? चालू असलेला गाभा. पण संगणक बंद असताना गाभा कोठे असतो? चकतीवर, नुसत्या शून्य-एकांच्या रूपात, गाढ झोपलेला. अशा वेळी पेन ड्राईव्हवरून दुसरी कार्यप्रणाली सुरू केली, तर पहाऱ्यावर दुसराच माणूस येतो आणि त्याच्या दृष्टीने जुन्या चकतीवरील फाईली म्हणजे नुसती अक्षरे. परवलीचा शब्द तुम्हाला बाहेरून येणाऱ्यापासून वाचवतो. यंत्र ज्याच्या टेबलावर आहे त्याच्यापासून वाचवत नाही. यावर उत्तर म्हणून चकतीवरील सारा मजकूरच सांकेतिक करण्याची सोय पुढे आली. विंडोजमध्ये ती २००७ सालच्या व्हिस्टाबरोबर ‘बिटलॉकर’ या नावाने आली. अशी चकती दुसऱ्या कार्यप्रणालीने उघडली तरी वाचता येत नाही; ४८ अंकी तारणकिल्ली नसेल तर ती माहिती गेली म्हणून समजावे.

याशिवाय एक वेगळे कुलूप असते, ते कार्यप्रणाली सुरू होण्याच्या आधीचे, म्हणजे बायोसचे. जुन्या मेजावरच्या संगणकांत बायोसच्या नोंदी अत्यल्प वीज खाणाऱ्या सीमॉस स्मृतीत असतात आणि तिला आठ आण्याच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा लिथियम घट जिवंत ठेवतो. घटाची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास धरा आणि ओढला जाणारा प्रवाह ३ मायक्रोअँपिअर माना. भागाकार करा: सुमारे ७३,००० तास, म्हणजे आठ वर्षांहून थोडे अधिक! अशा यंत्रांत वीजजोडणी काढून घट काही मिनिटे बाहेर ठेवला की नोंदी पुसल्या जातात आणि बहुधा बायोसचा शब्दही जातो. लॅपटॉपचे तसे नाही. तेथे तो शब्द विजेवाचून टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेला असतो आणि घट काढून काही साधत नाही. उगाच स्क्रू काढू नका.

आता आपल्याला दोन मार्ग दिसतात. एक, दुसरी कार्यप्रणाली सुरू करून जुन्या खात्याचा ठसा बदलणे आणि त्यात शिरणे. दुसरा, सर्व पुसून कार्यप्रणाली नव्याने बसवणे. पहिला जमतो असे ऐकून पुष्कळांना तोच आवडतो. मी दुसराच सुचवीन, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही.

२००० ते २००२ या काळात अमेरिकेत सिम्सन गार्फिंकल आणि अभि शेलाट यांनी १५८ जुन्या चकत्या विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या. पैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. उरलेल्यांत लोकांची पत्रे होती, औषधपाण्याच्या नोंदी होत्या, पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. तुम्ही यंत्र विकत घेतले म्हणून कोणाच्या मुलीच्या आजाराचा कागद तुमचा होत नाही. शिवाय जुन्या कार्यप्रणालीत कोणते विषाणू किंवा चोरटे प्रोग्राम वस्तीला आहेत, ते तुम्हाला कळणार नाही. त्यांच्यावर तुमचा परवलीचा शब्द बसवून काय उपयोग? कायद्याचेही लक्षात घ्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते, आणि ते लबाडीने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वतःच्या यंत्रावर परवानगी तुमचीच. शेजारच्या काकांच्या किंवा शाळेच्या संगणकावर ती त्यांची, आधी विचारा.

तेव्हा पैसे देण्यापूर्वीच व्यापाऱ्यासमोर संगणक सुरू करून पाहा आणि बायोसमध्ये शिरता येते का ते तपासा. कंपनीने वापरलेले काही संगणक दूरस्थ नोंदणीत अडकलेले असतात. सर्व पुसून नव्याने बसवले, तरी इंटरनेट जोडताच ते जुन्या कंपनीचे नाव सांगून तिचाच परवलीचा शब्द मागतात. अ‍ॅपलच्या यंत्रांतही जुन्या मालकाचे सक्रियता-कुलूप राहून गेलेले असू शकते. ही कुलपे ज्याची त्यानेच काढायची असतात. तो तयार नसेल तर यंत्र परत करा, कदाचित ते चोरीचेही असेल. पावती जपून ठेवा.

प्रत्यक्ष काम मग फारसे कठीण नाही. दुसऱ्या एखाद्या संगणकावर ८ जीबीचा पेन ड्राईव्ह घेऊन, निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणावरून कार्यप्रणाली त्यावर उतरवून घ्यायची. यंत्र जुने असेल तर लिनक्सचा विचार जरूर करा. ती मोफत मिळते आणि कमी स्मृतीत चालते. आपल्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही तिचीच एक भारतीय आवृत्ती. पेन ड्राईव्हवरून संगणक सुरू करा, जुने सर्व विभाग काढून टाका आणि कार्यप्रणाली बसवा. विंडोज १० च्या काळातील यंत्र असेल, तर तीच आवृत्ती पुन्हा बसवल्यावर परवाना बहुधा आपोआप ओळखला जातो, कारण तो यंत्राशीच बांधलेला असतो.

विभाग काढून टाकणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे. पाने शिल्लकच राहतात. जुनी माहिती खरोखर नाहीशी करायची तर चकती स्वच्छ करण्याचा वेगळा पर्याय निवडावा लागतो. त्याला कित्येक तास लागू शकतात, तेव्हा ते काम शनिवारी दुपारी लावून द्यावे.

नव्या कार्यप्रणालीत तुम्ही जे पहिले खाते उघडाल, त्यालाच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळतात. पण ते रोज वापरू नका! त्याला लांब परवलीचा शब्द द्या, तो कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा आणि रोजच्या कामासाठी साधे खाते उघडा. कारण तुम्ही चालवलेल्या प्रोग्रामला तुमचेच अधिकार मिळतात. पेन ड्राईव्हमधून आलेला विषाणू साध्या खात्यात शिरला तर त्याची धाव बहुतेक त्या खात्यापुरती. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात शिरला तर सारे घर त्याचे.

शिक्षकांना वर्गात घेण्यासाठी एक उदाहरण देतो. वरच्या कृतीत ५ ऐवजी २ चे घात घेऊन २३ ने भागा. बाक्या लिहीत जा आणि त्या पुन्हा पहिल्यापासून कधी सुरू होतात ते पाहा. बावीस गुप्त संख्यांना आता किती निरनिराळे ठसे मिळाले? अकराच. म्हणजे प्रत्येक दार दोन निरनिराळ्या किल्ल्यांनी उघडू लागले. ५ ला जे साधते ते २ ला का साधत नाही, आणि ३ व ७ यांपैकी कोणाला साधेल, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.